आत्याबाई आणि पडद्यावरचा बाण

सोलापूर जिल्ह्यातल्या निम्म्या संसारांना माझ्या नवऱ्याच्या आत्या जबाबदार आहेत, आणि ही जबाबदारी त्यांनी आजवर कधी नाकारलेली नाही. नवी पेठेत एका अरुंद जिन्याच्या टोकाला, खाली भांड्यांचं दुकान आणि वर पत्रा अशा खोलीत एका मंडळाचं वधूवर सूचक केंद्र होतं. तिथं आत्याबाई बसत. लग्न जमलं की लोक पेढे घेऊन जिना चढायचे, बिनसलं की बोल लावायला चढायचे, आणि आत्याबाई दोघांनाही एकाच आवाजात म्हणायच्या, "नाव आणि जन्मतारीख सांगा." पेढे देणाऱ्याला वाटायचं बाई तुसड्या आहेत, भांडायला आलेल्याला वाटायचं बाई निर्ढावलेल्या आहेत. प्रत्यक्षात त्या फक्त नोंद शोधत असायच्या. स्वतः त्यांनी लग्न केलं नव्हतं. कुणी खोचकपणे तसं विचारलंच तर, "मी केंद्रात बसते. नोंदणी केलेली नाही," असं सांगायच्या, जणू अर्ज भरायचा तेवढा राहून गेला.

तरुणपणी त्या एका सरकारी कचेरीत कारकून होत्या. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि सगळ्यांना वाटलं, आता बाई देवदर्शनाला लागणार. त्यांनी कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. क्लासमधली पोरं पहिले काही दिवस त्यांना कुणाची तरी आई समजून दाराशी खुर्ची द्यायची. त्या काळात याद्या आणि नोंदी ठेवायचं जे सॉफ्टवेअर होतं, त्याचा पडदा काळाकुट्ट असे. कोपऱ्यात एक टिंब, टिंबाशेजारी लुकलुकणारी रेघ, बस्स. आपण हुकूम टाइप करायचा, त्यानं तो पाळायचा. हुकूम चुकला तर ते एका ओळीत चूक दाखवायचं आणि पुन्हा टिंब पुढे करून गप्प राहायचं. ना कारणं, ना रुसवा. एवढ्या चांगल्या वळणाचं आपल्या घराण्यात एकही माणूस नाही, असं आत्याबाईंचं ठाम मत झालं आणि ते त्यांनी घराण्याला कळवलंही.

पुढे पुढे त्या माणसांशीही त्याच भाषेत बोलू लागल्या. मी लग्न होऊन घरात आले, त्यानंतर त्या पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हाची गोष्ट. सासूबाई शेजारणीच्या भाचीच्या बाळंतपणाची हकिगत रंगवून सांगत होत्या. आत्याबाईंनी भाकरी मोडता मोडता शांतपणे म्हटलं, "स्किप." म्हणजे ही नोंद पुरे, पुढची दाखवा. सासूबाईंना इंग्रजी कळलं नाही, त्यांनी हकिगत चालू ठेवली. बाळाचं बारसं आलं तशा आत्याबाई "एंड ऑफ फाइल" म्हणून ताटावरून उठल्या आणि हात धुवायला गेल्या. मग माझ्याकडे वळून, "उंची?" मी सांगितली. त्यांनी मला दाराच्या चौकटीजवळ उभं केलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. तुझ्या वडिलांनी खोटं लिहिलं नव्हतं." आमचं लग्न त्यांनीच जमवलं होतं, पण मला वाटतं, ती नोंद पक्की झाली ती त्या दिवशी.

त्या पडद्याचा एक नियम त्यांना फार प्रिय होता. नोंद 'डिलीट' केली तरी ती जात नसे. तिच्या कपाळावर फक्त एक चांदणी उमटायची. मनात आलं तर ती चांदणी पुसून नोंद परत बोलावता यायची. 'पॅक' म्हणून दुसरा हुकूम दिला, की मात्र चांदणीवाल्या सगळ्या नोंदी कायमच्या नाहीशा व्हायच्या. लग्न ठरलं की आत्याबाई मुलामुलीला चांदणी लावायच्या, पण पॅक वर्ष उलटल्याशिवाय करायच्या नाहीत. मुलीचा बाप केंद्रात येऊन आनंदानं सांगायचा, "आमची सुखात आहे, आता नाव काढून टाका." आत्याबाई म्हणायच्या, "दिवाळी होऊ दे की. घाई काय आहे?" एकदोन वेळा त्यांचं हे थांबणं खरोखरच उपयोगी पडलं. पण ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

रकान्यांच्या रुंदीच्या बाबतीत मात्र त्या निष्ठुर होत्या. नावाचा रकाना एकदा ठरला तो ठरला. त्यात जेवढी अक्षरं मावतील तेवढा माणूस. एका व्यंकटनारायणाचं शेवटचं अक्षर असंच बाहेर राहिलं. केंद्राचा छापील कागद पाहून मुलीकडच्यांना वाटलं, घरात लाडानं असंच म्हणत असतील. त्यांनी पत्रिका तशाच छापल्या. ते गृहस्थ आज आजोबा झाले आहेत, पण सासुरवाडीत अजून 'व्यंकटनाराय'च आहेत. शेऱ्याचा रकाना तर आणखी अरुंद होता, आणि आत्याबाईंची सगळी प्रतिभा तिथं फुलायची. 'बोलतो फार.' 'आई कडक.' 'हसरी पण हट्टी.' 'फोटो जुना.' एका इंजिनिअरापुढे नुसतं 'बरं' एवढंच होतं. त्याच्या वडिलांनी खूप विनवण्या केल्या, की निदान 'बरा' करा. आत्याबाईंनी केलं नाही.

अशी वर्षं चालली होती. मग मंडळाला नवे चिटणीस मिळाले. माणूस उमदा, सारखा घाईत आणि सुधारणेच्या बाजूचा. त्यांनी पुण्याला कुठंतरी नवं सॉफ्टवेअर पाहिलं आणि केंद्रासाठी घेऊन आले. काळा पडदा गेला. त्याजागी निळ्या-करड्या खिडक्या आल्या. एका खिडकीत मुली, एका खिडकीत मुलगे, फोटोची खिडकी वेगळी, पत्त्याची वेगळी. एकावर एक उघडत जायच्या. त्यांच्यावरून फिरायला एक बाण, आणि बाण फिरवायला माऊस. शेऱ्याचा रकाना गेला होता. त्याऐवजी 'स्वभाव' अशी यादी खाली उलगडायची, तिच्यात तीन पर्याय होते: शांत, मनमिळाऊ, इतर. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्या जिल्ह्याला 'इतर' करून टाकलं.

मी एका खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत असे, त्यामुळे चिटणीसांनी मलाच गळ घातली. "तुमच्या घरच्या आहेत, तुमचंच ऐकतील." घरच्या आहेत म्हणूनच ऐकणार नाहीत, हे त्यांना कळण्याइतका त्यांचा आमच्या घराशी संबंध नव्हता. मी रोज दुपारी क्लास सुटला की नवी पेठेत जाऊ लागले. माऊसला उंदीर म्हणायचा विनोद मंडळातल्या प्रत्येकानं आळीपाळीनं करून झाला होता. आत्याबाईंनी तो एकदाही केला नाही. त्यांनी माऊसवर पंच्याचा नॅपकिन झाकून ठेवला होता, जशी दुधाच्या पातेल्यावर ताटली ठेवावी. मी नॅपकिन उचलला की त्या समोरच्या भिंतीकडे बघायच्या.

"मी दोन शब्द टाइप केले की मुलगी समोर यायची," त्या म्हणायच्या. "आता हा बाण घेऊन आधी कोपऱ्यात जा, तिथं दाब, यादी उघड, यादीत खाली ये, पुन्हा दाब. तोवर मुलगी दोन लेकरांची आई होते."

नवं सॉफ्टवेअर काही पुसायचं म्हटलं की चौकट पुढे करून विचारायचं, तुम्हाला नक्की खात्री आहे का? या प्रश्नाचा त्यांना फार राग यायचा. "खात्री नसती तर सांगितलं असतं का मी? हा कोण मला विचारणार?" मी म्हणायची, अहो, तो सगळ्यांनाच विचारतो. "मग सगळ्यांना विचारू दे. मला ओळखतो की आता."

मी माऊसवरचा त्यांचा हात धरून दाखवायला जायची तेव्हा मात्र त्या एकदम हात काढून पदराखाली घ्यायच्या. "हात लावू नकोस. तोंडानं सांग." मी तोंडानं सांगायची. बाण पडद्यावर माशी भिरभिरावी तसा फिरायचा, भलत्याच खिडकीवर बसायचा, आणि आत्याबाई, "त्याला यायचं नाहीये तिथं," असं म्हणून उठायच्या. चिटणीसांनी ही गोष्ट मंडळाच्या सभेत फार रंगवून सांगितली. सगळे हसले. बाई हट्टी आहेत, यावर एकमत झालं. मीही त्या एकमतात होते.

आणि मग नातेपुते गावची मंडळी आली.

त्या कुटुंबाची थोडी शेती होती आणि मेंढरं होती. मुलगा शिकून अकलूजला एका डेअरीत लागला होता. त्याच्यासाठी आत्याबाईंनी सोलापुरातली एक मुलगी काढली. मुलीकडच्यांना फोन केला, वार ठरवला आणि मुलाकडच्यांसाठी मुलीच्या पत्त्याचा कागद छापून पोस्टानं पाठवला. नव्या खिडकीत मुलींची यादी आडनावाप्रमाणे लागलेली असे. एकाच आडनावाच्या दोन मुली, एकीखाली एक. आत्याबाईंना खालची हवी होती, बाण वरच्या ओळीवर टेकला. वरच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. ठरलेल्यांना त्या सॉफ्टवेअरमध्ये चांदणी नव्हती, त्यांची अक्षरं थोडी फिकट व्हायची एवढंच. पत्र्याखालच्या त्या खोलीत दुपारच्या उजेडात सगळीच अक्षरं फिकट दिसायची.

ठरलेल्या दिवसानंतर दोन-तीन दिवसांनी मुलाचे वडील एकटेच केंद्रात आले. मी तिथंच होते. धोतर, पांढरी टोपी, चेहऱ्यावर राग असा काही नाही. खुर्चीवर टेकले, पाणी प्यायले आणि झालेलं सगळं आम्हाला एखाद्या दुसऱ्याच्या घरी घडल्यासारखं सांगू लागले.

"आमी जीप करून गेलो. सकाळच्या पारी पोचलो. दारात बघतो तर मांडव. मी पोराच्या आईला म्हनलं, मानसं हौशी दिसत्यात, बघायच्या कार्यक्रमाला मांडव घातलाय. तिला बी बरं वाटलं. मग एकानं यिऊन माज्या डोक्याला फेटा बांदला. पोराला अत्तर लावलं. वाजंत्री सुरूच व्हती. च्या झाला, नाष्टा झाला. मी म्हनलं, मुलगी कवा दाखवताय? तर म्हनले, आता यील की भायेर, मुहूर्त जवळ आलाय. मला वाटलं, मुहूर्त बघून दाखवत असतील, रीत असंल त्यांची. मग हातात अक्षता दिल्या. तवा मी पोराच्या आईला म्हनलं, ह्यास्नी लई घाई दिसती."

आत्याबाई निश्चल बसून ऐकत होत्या. "पुढं?"

"पुढं काय. अंतरपाट धरला. मंगलाष्टका सुरू झाल्या. मी मान वर करून बघतो, तर आमचं पोरगं माज्या शेजारीच उबं हाय."

खाली दुकानात कुणीतरी पातेल्यावर टिचकी मारून पाहत होतं.

"मग टाकल्या का अक्षता?" आत्याबाईंनी विचारलं.

"टाकल्या की. हातात व्हत्या." ते म्हणाले. "जेवलो बी. आता एवढं लांबनं गेलो, आन् वाढनारी मानसं चांगली व्हती. आहेर तेवढा न्हाय केला."

"मुलगी कशी होती?"

"चांगली व्हती की," ते खिन्नपणे म्हणाले. "त्येचंच वाईट वाटतंय."

तिकडे खऱ्या मुलीच्या घरी त्या दिवशी पोहे भिजवून माणसं दुपारपर्यंत दाराकडे डोळे लावून बसली होती. शेजारच्या दोन बायका मुद्दाम साडी बदलून आल्या होत्या. संध्याकाळी मुलीच्या वडिलांनी चिटणीसांना फोन करून जे सांगायचं ते सांगितलं. चिटणीसांनी सभा बोलावली. आत्याबाईंना आता विश्रांतीची गरज आहे, त्यांनी आजवर केलेलं काम मोलाचं आहे, अशा वाक्यांना सुरुवात झाली. माणसाला काढायचं असलं की आपल्याकडे आधी त्याचं कौतुक करतात. आत्याबाई सभेत एवढंच म्हणाल्या, "चूक केंद्राची नाही. माझी आहे." आणि जिना उतरून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या केंद्रात आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत.

मग भर दुपारी मी त्यांच्या घरी गेले. उन्हानं रस्ता ओस पडला होता. दार नुसतं लोटलेलं होतं, मी ढकलून आत गेले. आत्याबाई जमिनीवर बसल्या होत्या, पुढ्यात बुटकं टेबल, त्यावर चौकड्यांची चादर घडी घालून अंथरलेली, आणि चादरीवर माऊस. नवा कोरा, बाजारातून आणलेला. त्याची वायर टेबलावरून खाली लोंबत होती आणि कशालाच जोडलेली नव्हती. डोळ्यांवर चष्मा, ओठ घट्ट मिटलेले, आणि त्या तो माऊस चादरीच्या एका लाल रेघेवरून सरळ नेण्याचा प्रयत्न करत होत्या.

"काय करताय, आत्याबाई?"

"दिसत नाही का? सराव."

"पण तो कॉम्प्युटरला जोडलेला नाही."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "चूक झाली तर कुणाचं लग्न लागत नाही."

मला हसू आलं होतं. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. माऊस रेघेवरून जातच नव्हता. हात थरथरत होता, आणि माऊस त्याच्याबरोबर चादरीवर अगदी बारीक बारीक आवाज करत होता, टेबलाच्या लाकडावर कुणी नखानं खरवडावं तसा. या खेपेला त्यांनी हात पदराखाली घेतला नाही. बहुधा दमल्या होत्या.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. "कधीपासून?"

"झालं की वर्ष. जास्तच." त्यांनी चष्मा काढला. "कळ दाबायला काय, बोट एकदा खाली आलं की काम झालं. वर थरथरू दे, खाली थरथरू दे, अक्षर उमटतं. ह्या बाणाचं तसं नाही. त्याला धरून ठेवावं लागतं. हवेत माणूस धरून ठेवल्यासारखं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. गोळी दिली. गोळीनं मला झोप लागते, थरथर जागीच राहते."

"अहो, मग सांगायचं ना कुणालातरी. सगळ्यांना वाटलं, तुम्ही हट्टानं..."

"हट्टी म्हणतात ते बरं." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "इतकी वर्षं मीच लिहीत आले. एकाचा पाय अधू, एकीला दम लागतो, एकाला कमी ऐकू येतं. खरं ते लिहिलं. आणि तसं लिहिलं, की पुढं त्या नोंदीला कोण विचारतं, तेही मीच बघत आले. माझ्या नावापुढं कोण लिहिणार होतं? चिटणीस?"

मी उठून त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. कप मुद्दाम अर्धेच भरले. त्यांनी ते पाहिलं. चहा पिता पिता माझ्या डोक्यात आलं ते इतकं साधं होतं, की मला आधी खरंच वाटेना. मी म्हटलं, "आत्याबाई, त्या खिडक्या माऊसशिवायही चालतात."

"म्हणजे?"

"टॅबची कळ दाबली की एका रकान्यातून दुसऱ्यात. वरखाली जायला बाणांच्या कळा. एंटर म्हणजे निवडलं. आणि वरच्या यादीत प्रत्येक शब्दात एका अक्षराखाली रेघ असते ना, आल्टची कळ धरून ते अक्षर दाबलं की ती यादी उघडते."

त्यांनी कप खाली ठेवला. "ती रेघ त्याच्यासाठी आहे?"

"हो."

"मला वाटलं, महत्त्वाचं आहे म्हणून अधोरेखित केलंय." त्यांनी चादरीवरचा माऊस उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हाताचं आधी का नाही सांगितलंत?"

"स्किप," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी केंद्रात गेलो. मी माऊसची वायरच काढून टाकली. चिटणीस आले तेव्हा आत्याबाई टॅब दाबत मुलींच्या खिडकीतून चालल्या होत्या. एकेका ओळीवर थांबत, वाचत, पुढे जात. सुरुवातीला चाचपडल्या, पण दुपारपर्यंत त्यांच्या बोटांनी ती वाट पाठ केली, आणि चिटणीसांना माऊसनं जे शोधायला वेळ लागायचा ते त्यांच्या आधी काढून त्यांच्यापुढे ठेवलं. चिटणीस मनानं चांगलेच होते. थोडा वेळ पाहत उभे राहिले, मग म्हणाले, "बसा तुम्ही. आम्ही सभेचं बघतो." जाताना त्यांनी टेबलावरचा नॅपकिन सरळ केला.

पण आत्याबाईंचं एवढ्यावर समाधान नव्हतं. नातेपुत्याच्या मंडळींना त्यांनी पुन्हा बोलावलं, आणि या वेळी पत्ता न पाठवता स्वतः बरोबर निघाल्या. मलाही नेलं. खऱ्या मुलीच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा पोह्यांचा वास नव्हता. मुलीच्या वडिलांनी बसा म्हटलं, तेही सतरंजी न अंथरता. मी मनातल्या मनात सॉफ्टवेअरला दोष देणारी दोनचार वाक्यं जुळवून ठेवली होती. आत्याबाईंनी ती बोलायची वेळच येऊ दिली नाही. त्यांनी पदराखालून उजवा हात काढला आणि सगळ्यांना दिसेल असा गुडघ्यावर ठेवला.

"हा थरथरतो," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं, मी कुणाला सांगितलं नाही. त्यामुळं पत्ता चुकला. तुमच्या मुलीचा दोष नाही, ह्यांच्या मुलाचाही नाही. तुम्हाला नको असेल तर नको म्हणा. पण त्या दिवशी आले नाहीत म्हणून नको म्हणू नका."

मुलीची आई त्या हाताकडे बघत होती. बोलले ते मुलाचे वडील. "आवो, हात थरथरतो त्येचं काय एवढं? माज्या बापाचा बी थरथरायचा. मरस्तवर मेंढ्या कातरल्या त्येनं."

"मग?" आत्याबाईंनी विचारलं.

"मेंढ्या बिचकायच्या जरा," त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "पन लोकर निघायची की."

आधी मुलीची आई हसली. मग आतल्या दाराआडून हसण्याचा आवाज आला, आणि मुलानं मान वर करून त्या दाराकडे जे पाहिलं ते आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. मुलीच्या वडिलांनी उठून सतरंजी अंथरली. लग्न नातेपुत्याला झालं. मांडवात मी आत्याबाईंच्या शेजारी उभी होते. त्यांच्या अक्षता वधूवरांपर्यंत पोचल्या नाहीत, पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या टोपीवर पडल्या. ते अविवाहित आहेत का, याची चौकशी आत्याबाईंनी मंगलाष्टका संपायच्या आत केली.

नंतर बरीच वर्षं त्यांनी केंद्र चालवलं. सॉफ्टवेअरच्या नव्या नव्या आवृत्त्या आल्या, खिडक्यांचे रंग बदलले, कोपरे गोल झाले. प्रत्येक वेळी त्या आधी अक्षरांखालच्या रेघा आहेत का ते बघायच्या. मग मुलंमुली आपापली नावं स्वतःच मोबाइलवर घालू लागली, जिना चढणारं कुणी उरलं नाही, आणि मंडळानं ती खोली भांड्यांच्या दुकानदाराला दिली. आत्याबाईंनी त्यावर काही मत दिलं नाही. "आता मुलीच स्वतःचा शेरा लिहितात," एवढंच एकदा म्हणाल्या. ते कौतुक होतं की तक्रार, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता त्या खूप थकल्या आहेत. हाताचं काम जवळजवळ संपलं आहे. माझ्या मुलीनं त्यांना एक फोन घेऊन दिला, नुसतं बोललं की ऐकणारा. पहिल्या दिवशी त्यांनी तो चारी बाजूंनी पाहिला. "ह्याला हातच लावायचा नाही?" नाही. "नुसतं सांगायचं?" नुसतं सांगायचं. आत्याबाई कित्येक वर्षांनी खुशीत आलेल्या मी पाहिल्या. त्या हुकूम सोडायच्या, तो पाळायचा. वेळ सांग. बातम्या लाव. भाच्याला फोन लाव. कृपया वगैरे काही नाही. फार बरे दिवस गेले त्यांचे.

या उन्हाळ्यात मात्र त्यांचा आवाजही हलायला लागला आहे. परवा मी गेले तेव्हा त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, फोन मांडीवर. "उद्याचं ऊन सांग," त्या म्हणाल्या. फोन म्हणाला, माफ करा, मला समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, शब्द एकेक सुटा करून. माफ करा, मला समजलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकून तेच शब्द म्हटले, आणि उद्या सोलापुरात आकाश निरभ्र राहील, ऊन कडक असेल, असं फोननं लगेच सांगितलं.

"तुझं कळतं त्याला," आत्याबाई म्हणाल्या.

"मी येत जाईन रोज. मी सांगेन त्याला."

"रोज कशाला? ऊन काय, रोजचंच आहे की इथलं."

मी थोडा वेळ बसले. मग पिशवी उचलून दारापर्यंत गेले, तर पाठीमागून हाक आली. "थांब जरा. परवाचं विचार."

मी परत येऊन बसले. आम्ही परवाचं विचारलं, मग तेरवाचं विचारलं, मग त्याच्या पुढचंही विचारलं. सगळीकडे ऊनच होतं.